सुमनाक्कांचा शुक्रवार

सुमनाक्कांच्या घरी मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी आधी टेबलावरचे कागद पालथे केले, संगणकाच्या पडद्यावर उशीचा अभ्रा टाकला आणि मगच म्हणाल्या, "ये गं, बस."

मी फक्त विरजण मागायला गेले होते. शाळेत मराठी शिकवायची नोकरी लागून बेळगावजवळच्या पिरनवाडीत राहायला आल्याला जेमतेम आठवडा झाला होता. शेजारच्या घरात एक बाई दिवसभर खिडकीपाशी बसून काहीतरी काढत असते आणि कुणी आलं की ते झाकते, एवढंच कळलं होतं. गल्लीत त्यावर दोन मतं होती. एक, आक्का पोलिसांना चोरांची चित्रं काढून देतात. दुसरं, त्या कुंडल्या मांडतात, पण फक्त बेंगळूरच्या बड्या लोकांच्या.

खरं काय ते मला महिन्याभरानं कळलं. सुमनाक्का पेटंटची चित्रं काढायच्या.

कुणी काही नवं शोधलं की त्याचं पेटंट मागताना अर्जाबरोबर चित्रं द्यावी लागतात. काळ्या रेघांची, रंग नसलेली, प्रत्येक भागाला आकडा दिलेली. बेंगळूरच्या एका वकीलबाईंकडून ते काम आक्कांकडे यायचं. तरुणपणी त्या उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात ट्रेसर होत्या, इंजिनियरांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायच्या. संगणक आले, ट्रेसिंग संपलं, आक्का घरी बसल्या. चार महिने बसल्या आणि कंटाळून, चाळिशी उलटल्यावर, कॉलेजातल्या मुलामुलींच्या शेजारी बसून संगणकावर चित्र काढायला शिकल्या. तिथून हे काम. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, फाउंड्रीत साचे करणारे मोल्डर होते. ते म्हणायचे, "हिला कारखान्यातनं काढलं आन् जगातले सगळे कारखाने घरात आले."

ते अक्षरशः खरं होतं. पिरनवाडीतल्या त्या बारा बाय दहाच्या खोलीत, टेबलाच्या एका कडेला शेंगांचं पातेलं आणि दुसऱ्या कडेला कुणा सर्जननं शोधलेली हृदयातली झडप, असं चालायचं. आज उपग्रहाचा पंख उघडणारी बिजागरी, उद्या म्हशीचं दूध काढायचं यंत्र, परवा मधुमेही माणसाच्या पायावर कुठं दाब पडतो ते सांगणारी चप्पल. पण यातलं काहीच आम्हाला त्या वेळी माहीत नसायचं. कारण अर्ज केल्यापासून साधारण अठरा महिन्यांनी तो सरकारी पत्रिकेत प्रसिद्ध होतो. तोवर एक अक्षर बाहेर जायचं नाही.

आणि सुमनाक्का तर अशा, की भाजीत मीठ बरोबर पडलं तरी दोन घरं पलीकडे जाऊन सांगतील! त्या माणसाच्या पोटात जगातलं सगळ्यात भारी गुपित, आणि तोंडाला कुलूप. भांडी घासता घासता मध्येच थांबून हसायच्या. मी विचारलं की, "काय झालं हो आक्का?" तर, "अजून सांगायचं न्हाय गं. अठरा म्हैनं थांब. पण लई भारी हाय! आईशप्पत, लई भारी!"

ती पत्रिका दर शुक्रवारी निघते. त्यामुळे शुक्रवारी आक्का सकाळपासून वेगळ्याच असायच्या. अंघोळ करून, चांगली साडी नेसून संगणकापुढे बसायच्या, यादीत आपलं एखादं काम दिसलं की तशाच उठून माझ्या दारात. गल्लीतल्या बायका समजायच्या की त्यांचा शुक्रवारचा उपवास आहे. एकीनं तर उद्यापनाला सवाष्ण म्हणून आपल्यालाच बोलवा, असंही सांगून ठेवलं होतं.

"सरिता, निघालं गं, निघालं! आता सांगते. दीड वर्ष झालं, माझं पोट फुगलंय." आणि मग पिठाच्या हातानं ओट्यावरच चित्र. घशात अडकलेला माशाचा काटा काढायचा चिमटा होता एकदा. त्याची टोकं कशी वळतात ते त्यांनी माझ्या दोन चमच्यांनी करून दाखवलं, एक चमचा वाकवला, आणि मी काही म्हणायच्या आत, "सरळ करून देते गं. आधी हे बघ!" मी मराठीची बाई, विज्ञानाशी माझं दहावीतच फाटलेलं. पण त्या सांगायला लागल्या की दूध उतू जायचं आणि दोघींनाही कळायचं नाही.

त्यांना प्रत्येक गोष्टीला आकडे द्यायची सवय होती. दहा, बारा, चौदा, सोळा, असे सगळे समच. एका लग्नात माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "नवरीची मुंडावळ दहा, नथ बारा, ठुशी चौदा. नवरदेव शेवटी घालू, सुट्टा भाग हाय." मी हसून विचारलं, मधले आकडे का सोडता? त्यावर गंभीर झाल्या. "चित्र पुरं झाल्यावर कुणाला तरी आठवतंच, अगं, हे राहिलं की. त्याला जागा नको?"

चित्र नुसतं बघून काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते यंत्र आधी डोक्यात चालवून बघायच्या. एकदा हुबळीच्या एका रेल्वेतून निवृत्त झालेल्या इंजिनियरांनी भाताची रोपं लावायचं छोटं यंत्र शोधलं होतं. हे सगळं अर्थात मला दीड वर्षानं कळलं. आक्कांचं माहेर खानापूरकडचं, भाताचं गाव. लहानपण गुडघाभर चिखलात गेलेलं. यंत्राचं चाक काढता काढता त्यांचा हात थांबला. हे चाक आमच्या चिखलात दहा पावलंही जाणार नाही. त्यांनी वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आक्का, आपण आलंय तसं काढायचं. आक्का म्हणाल्या, "काढते की. पण त्येंला एकदा चिखल दाखवू दे."

ते गृहस्थ खरंच आले. आक्कांच्या भावाच्या शेतात, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरले आणि तिसऱ्या पावलाला दोन्ही चपला आत गेल्या. एक सापडली, एक अजून त्या शेतात आहे. बांधावर येऊन बसले, बराच वेळ पायांकडे बघत राहिले आणि एकदम ओरडले, "चाक नकोच की! होडी पाहिजे खाली!" त्यांचं यंत्र नंतर सपाट तळाचं झालं. अर्जात आक्कांचं नाव शोधक म्हणून घालतो, असं ते आपणहून म्हणाले. आक्कांनी साफ नाही म्हटलं.

"मी नुसता चिखल दावला," त्या मला म्हणाल्या. "सुचलं त्येंला. ज्येला सुचलं त्येचंच नाव. त्यात फेरफार न्हाय करायचा."

हे त्यांचं बोलणं मला तेव्हा नुसता चांगुलपणा वाटलं. ते किती ताठ आहे, ते निपाणीच्या वेळी कळलं.

झालं असं, की उद्यमबागेतल्या एका कारखानदाराचा अर्ज वकीलबाईंकडे आला. विडीचं पान कापायची कात्री. निपाणी भागात घरोघरी बायका विड्या वळतात. त्याआधी ओलं केलेलं पान पत्र्याच्या मापाखाली धरून कात्रीनं कापावं लागतं; सकाळपासून कापून कापून अंगठा निकामी होतो. या नव्या कात्रीत माप खालच्या पात्यालाच जोडलेलं होतं आणि वरच्या पात्याला सायकलच्या ब्रेकसारखी मूठ. अंगठ्याचं काम अख्ख्या पंजावर गेलं होतं. कारखान्याच्या इंजिनियरनं चित्रासाठी फोटो पाठवले होते. शोधक म्हणून नाव एकच, कारखानदाराचं.

आक्का दोन दिवस त्या फोटोंवर अडून बसल्या. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या. "उद्या रविवार. निपाणीला येतीस? एकटीला जायला नको वाटतंय. पण एक हाय, तू यंत्राकडं बघायचं न्हाय. माणसांकडं बघायचं."

मी गेले. बसमध्ये त्यांनी फोटो दाखवला नाही, फक्त सांगितलं, तेही वकीलबाईंना विचारून आणि कुणाला बोलणार नाही अशी माझ्याकडून शपथ घेऊन. दोन गोष्टी त्यांना खुपत होत्या. फोटोत मापाच्या पत्र्याची एक कड तांदळाच्या दाण्याएवढी वर वळलेली होती. इंजिनियर म्हणाला, ती चूक आहे, चित्रात सरळ काढा. दुसरी गोष्ट म्हणजे, कात्री धरलेला हात बाईचा होता. हिरव्या बांगड्या, आणि अंगठ्याला चिंधी.

"इंजिनियरला इचारलं, हा हात कुणाचा? तर म्हणतो, हात कुणाचाबी असूंदे की मॅडम, कात्री बघा. पण सरिता, ज्या कात्रीनं अंगठा वाचतो त्या कात्रीच्या फोटोत अंगठ्याला चिंधी कशाला? म्हंजे ती बाई आधीपासनं कापतीया. कात्री तिच्याकडनंच आली असंल."

वकीलबाईंच्या परवानगीनं त्यांनी कारखान्याकडून पत्ता मिळवला होता. हात हौसाबाईंचा होता. त्यांचा भाऊ त्याच कारखान्यात फिटर.

निपाणीत उतरल्या उतरल्या मला शिंका सुरू झाल्या, हवेतच तंबाखू. हौसाबाईंच्या घरी त्या उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक, शांत. आम्हाला बघून घाबरल्या. भावाचं काही बिनसलं की काय, असं वाटलं असावं. आक्कांनी त्यांच्या शेजारीच बैठक मारली.

"ती कात्री कुणी केली, हौसाबाई?"

"भावानं."

"त्येला कसं सुचलं?"

"त्येला कुठलं सुचतंय?" हौसाबाई पहिल्यांदा हसल्या. "मी सायकलचा बिरेक आणून दिल्ता. म्हटलं, ह्यो हितं जोड. तर म्हणला, येडी झालीस व्हय."

मी माणसांकडे बघत होते, सांगितल्याप्रमाणे. आक्कांच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते मी तरी कधी विसरणार नाही. त्यांनी पुढचा प्रश्न अगदी हळू विचारला, जणू जोरात विचारला तर उत्तर उडून जाईल.

"आन् पत्र्याची कड वर वळलीया, ती चूक हाय का?"

"चूक?" हौसाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "अवो, पान वलं असतंय. सपाट पत्र्याला चिकटून बसतंय, वडायला गेलं की फाटतंय. मी आडकित्त्यानं जरा उचलली कड. आता पान आपसूक सुटतंय. त्यासाठीच तर सगळं केलं. बिरेक नंतर सुचला."

आक्कांनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

"शेजारणींना दाखवलीसा का ही कात्री?"

"छ्या! बाया हसतील म्हणून आतल्या खोलीत कापत हुते."

परतीच्या बसमध्ये संकेश्वर येईपर्यंत आक्का तिकिटाच्या मागे ती वळलेली कड काढत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "लाजली म्हणून वाचलं गं! चारचौघांत आधी दिसलं असतं तर पेटंटच मिळालं नसतं. आन् इंजिनियर म्हणतोय, कड सरळ काढा!" आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

त्यांनी वकीलबाईंना कळवलं: शोधकाचं नाव चुकलंय, ते दुरुस्त होईपर्यंत मी चित्र देणार नाही. त्या कारखानदाराकडून वकीलबाईंना पुष्कळ कामं येत. अण्णा काळजीत पडले. मीही म्हटलं, आक्का, तुमचं काम चित्राचं, नावाशी तुमचा काय संबंध? त्या म्हणाल्या, "खोटी रेघ मी कवा मारली न्हाय. खोटं नाव म्हंजेबी खोटी रेघच की."

चौथ्या दिवशी दारात गाडी उभी राहिली. कारखानदार स्वतः आले होते. मी चहा द्यायच्या निमित्तानं तिथेच थांबले.

"तुम्ही माझ्या फिटरच्या बहिणीकडे जाऊन चौकशी करता?" ते उभ्यानंच म्हणाले. "कल्पना असेल तिची. पण लोखंड माझं, मशीन माझं. फिटरनं आणून दाखवला तो नुसता जुगाड. मूठ बसवायला आम्ही सहा वेळा साचा बदलला."

"मग तुमचंबी नाव राहू दे की," आक्का म्हणाल्या. "मूठ तुमची, मी कुठं न्हाय म्हणते? बसा आधी. एक सांगा मला, पत्र्याची ही कड वर का हाय?"

ते वाकून फोटो बघू लागले. खिशातून चष्मा काढला. फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "ही... वाकली असेल. आम्ही पुढच्या नमुन्यात सरळ केलीय."

"आन् त्यो नमुना पान फाडतोय."

त्यांनी चटकन वर बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाय. फाडतोय का न्हाय, एवढंच सांगा."

 मग ते खुर्चीवर बसले. महिनाभर त्यांची माणसं त्याच गोष्टीला अडली होती. पातं बदललं, स्प्रिंग बदलली, पान फाटायचं थांबेना. आक्कांनी हौसाबाईंचं बोलणं त्यांना जसंच्या तसं सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा राग कुठे गेला, त्यालाही कळलं नसेल. शेवटी टेबलावर थाप मारून म्हणाले, "आयला! आडकित्त्यानं?"

"आडकित्त्यानं," आक्का म्हणाल्या, आणि दोघंही हसायला लागली. चहा गार झाला होता. मी परत करून आणला.

अर्जात दोन नावं लागली. पहिलं हौसाबाईंचं. त्या आधी तयार नव्हत्या. "नाव कशाला? कात्री चालली म्हंजे झालं." पण आक्कांनी त्यांना समजावलं. काय सांगितलं ते मला माहीत नाही, मी त्या वेळी नव्हते.

पुढे बरेच महिने गेले. मग तपासणीचा अहवाल आला, आणि त्यात आक्षेप: परदेशात पूर्वी कुणीतरी बागकामाची अशीच कात्री केली आहे, माप जोडलेली, पंजानं दाबायची. वकीलबाईंचा आवाज फोनवर पडलेला होता. मला वाटलं, आक्का खचतील. मी गेले तर आक्का त्या जुन्या पेटंटची छापील पानं मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि चेहरा बघावा तर लग्नघरातला!

"बघ गं, बघ! लांब कुठल्या देशातला हा बाबा, झुडपांची पानं कापत हुता. त्येचाबी अंगठा दुखला असणार! हौसाबाईला जे निपाणीत सुचलं, ते ह्येला तितं सुचलं. एकमेकांचं तोंड बघितलं न्हाय दोघांनी." त्या माणसाच्या चित्रावरून त्या बोट फिरवत होत्या, जुना नातेवाईक सापडावा तसं. "रेघ काय सुंदर मारलीया ह्येच्या चित्रकारानं."

"पण आक्का, मग आपलं गेलं का?"

"कुठं जातंय? ह्येचा पत्रा बघ." त्यांनी बोट टेकवलं. "सपाट. झुडपाचं पान कोरडं, त्येला सुटायची अडचणच न्हाय. कड आपल्या हौसाबाईचीच!"

उत्तर तसंच गेलं. दावा आता मुठीवर नव्हता, वळलेल्या कडेवर होता, ती का वळवली त्यावर होता. सुनावणी संगणकावरच झाली. वकीलबाई बोलल्या, पेटंट कार्यालयाच्या अधिकाऱ्यांनी आक्कांचं तिसऱ्या क्रमांकाचं चित्र मोठं करायला सांगितलं, कडेचं, दहापट वाढवलेलं. त्याकडे बघून त्यांनी विचारलं, ओलं पान कसं सुटतं? त्याचं उत्तर हौसाबाईंनी स्वतः दिलं, भावाच्या मोबाइलवरून, निपाणीच्या आतल्या खोलीतून, हातात खरं पान घेऊन. तिकडे पान सुटलं, तसं इकडे आक्का खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

पेटंट मिळालं. हल्ली शोधकाला स्वतःच्या नावाचं वेगळं प्रमाणपत्रही मागता येतं. तेही आक्कांनी मागवायला लावलं. ते द्यायला आम्ही निपाणीला गेलो, कारखानदारांच्याच गाडीतून. हौसाबाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. आक्कांनी बोट ठेवून दाखवलं, हे तुमचं नाव. त्यांनी त्या अक्षरांकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आन् हितं काय लिवलंय?"

"शोधक."

"मी?"

"व्हय. तुम्हीच."

त्या आत गेल्या. आम्हाला वाटलं, चहा ठेवायला. बाहेर आल्या तेव्हा हातात आणखी एक वस्तू होती, कापडात गुंडाळलेली. उघडता उघडता म्हणाल्या, "आक्का, हे आजून कुणाला दावलं न्हाय..."

आक्का विजेचा धक्का बसावा तशा पुढे झाल्या. "झाका! झाका आधी! सरिता, तू भाईर जा!" कारखानदार आणि मी मुकाट्यानं अंगणात जाऊन उभे राहिलो. आतून आक्कांचं "अगंबाई!" तेवढं तीनदा ऐकू आलं. त्या कापडात काय होतं ते मला अजून माहीत नाही.

गेल्या महिन्यात आक्का बेंगळूरला गेल्या. वकीलबाईंनी नव्या चित्रकारांना शिकवायला बोलावून घेतलं, सहा महिन्यांसाठी म्हणून. पण अण्णांनी कुंड्यासुद्धा वाटून टाकल्या, त्यावरून मी काय ते समजले. त्यांना पोहोचवायला बेळगावच्या स्टँडवर गेले होते. गाडी नवीकोरी, हवेच्या दाबावर दार उघडणारी. अण्णा दोन पिशव्या घेऊन केव्हाच आत बसले. आक्का पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या. मला वाटलं, मागे वळून काही बोलतील. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. 

"आक्का, लगू हत्त्री!" लवकर चढा म्हणून कंडक्टर ओरडला.

"हत्तते रे, हत्तते. हे दार आत जाताना फिरतंय कसं, ते बघू दे की," आक्का म्हणाल्या, अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी.

कंडक्टरनं हात जोडले. त्या चढल्या. दार फुसकन आवाज करून मिटू लागलं आणि काचेमागे त्यांचा चेहरा आला. मी हात हलवला. त्यांनी पाहिलंच नाही. मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून त्या दाराच्या वरच्या दांड्याकडे बघत होत्या, आणि गाडी स्टँडच्या बाहेर वळली तरी तशाच बघत उभ्या होत्या.